दुःख जागेवर आहे, तरी बरं चाललंय : तुमचे अनुभव लिहा

नाशिकला रामकुंडावर सकाळी एकीकडे दशक्रिया चाललेली असते आणि शेजारीच नवं जोडपं गंगेची (म्हणजे आपल्या गोदावरीची) पूजा करत असतं. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. दुःख घालवायचे उपाय इथे नकोत, ते सांगणारे रोज भेटतात. दुःख असतानाच जे समाधान हाती लागलं, तेवढं लिहा. नावं नकोत, गाव-पेठ चालेल.

पिंपळगाव बसवंत
ऑक्टोबर छाटणीनंतर चार-साडेचार महिने द्राक्षबागेत जीव ओतायचा. थिनिंग, डिपिंग, फवारण्या, कडाका पडला की रात्री शेकोट्या. व्यापारी बाग बघून गेला, भाव ठरला आणि काढणीच्या तोंडावर गारा पडल्या. फुटलेल्या मण्याला गिऱ्हाईक नाही आणि वेलीवर ठेवला तर सडतो. म्हणजे पदरची मजुरी देऊन माल खाली पाडायचा. त्याच आठवड्यात लेकीला मुलगा झाला. बघायला आलेल्या एका बाईंनी पायगुणाचा विषय काढला. मंडळींनी तिथल्या तिथे सुनावलं, "गारा आभाळातून आल्या, पोरगं माझ्या लेकीच्या पोटातून आलं. दोन्ही हिशेब वेगळे ठेवा." दिवसा घड तोडायचो, संध्याकाळी नातू मांडीवर. बारशाला पेढे वाटले, तेही उधारीनेच. एप्रिलात खरड छाटणी केली, वेली उभ्या होत्या ना. सोसायटीचं कर्ज अजून फिटतंय. नातू शाळेत जातो आणि द्राक्षं खात नाही, आंबट लागतात म्हणे.

सिडको
मला समाधान वगैरे मिळालेलं नाही. मुलगा गेला. लोक म्हणतात काळ हे औषध आहे, त्यांचं त्यांना लखलाभ. फक्त हल्ली मिसळीची चव लागते. मधे कशाचीच लागत नव्हती. चव लागते म्हणून सुरुवातीला अपराधी वाटायचं, आता तर्री जास्त मागतो. हे इथे बसत नसेल तर काढून टाका.

— (धागाकर्ती) काढत नाही काका. याच्यासाठीच धागा काढलाय.

भांडी बाजार
गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही एकच विचारतो : दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, पूर तिच्यावरूनच मोजतात) कुठवर आलं? त्यावर ठरतं कोणत्या फळीवरचा माल हलवायचा. 2008, 2016, 2019, तिन्ही वेळा गाळ उपसला. नातेवाईक म्हणतात कॉलेज रोडला दुकान घ्या. वडिलांचं उत्तर ठरलेलं, "गंगेकाठी धंदा करतो, कधीतरी तीही दुकानात येणारच." गिऱ्हाईक म्हणून आली असती तर बरं झालं असतं.

जुने नाशिक
धुळवडीला आमच्याकडे वीर निघतात. देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक वाजतगाजत गंगेवर स्नानाला न्यायचे. दाजीबा वीर तर बाशिंग बांधून नवरदेवाच्या वेशात असतो. हळद लागलेला तरुण लग्नाआधीच मारला गेला, त्याची ती आठवण, असं जुनी माणसं सांगतात. आणि लोक लग्न जमावं म्हणून नवस बोलतात ते त्यालाच! लहानपणी मला हे विचित्र वाटायचं.

मग दादा अपघातात गेला. होळी जवळ आली तसं घरात कुणी वीरांचं नावच काढेना. शेवटी आईच म्हणाली, न्यायचे. गल्लीत ढोल सुरू झाला, आईच्या डोळ्यांना धार लागली होती आणि पाय ठेक्यावर हलत होते. तिला दोन्ही कळत होतं, थांबवलं तिने काहीच नाही. त्या दिवशी दाजीबाचं कोडं मला सुटलं, पण समजावून सांगता येणार नाही. रंगपंचमीला रहाड, म्हणजे चौकातला रंगाच्या पाण्याचा हौद, उघडली. दादाची उडी चौकात प्रसिद्ध होती, म्हणून मी घरीच बसलो होतो. वहिनीने जुना शर्ट अंगावर फेकला, "जा, भिजून या भाऊजी." गेलो.

देवळाली कॅम्प
रहाड कोणती, शनी चौकातली की तिवंध्याची? आणि रंग निघतो का हो? सोमवारी ऑफिस असतं.