पुनर्वसनवाल्यांच्या संघटना: सभासदांसाठी की पेशंटसाठी?

मेधा_ओटी

आमच्या भागातल्या थेरपिस्ट मंडळींच्या ग्रुपवर मध्यंतरी एका आईने पावतीचा फोटो टाकला. साध्या पॅडवर 'थेरपी, एक महिना' एवढंच लिहिलेलं, खाली रक्कम आणि एक लफ्फेदार सही. कसली थेरपी, देणाऱ्याचं शिक्षण काय, नोंदणी क्रमांक कुठला, काही पत्ता नाही. तिचा प्रश्न सरळ होता: हे लोक खरे आहेत का, हे ओळखायचं कसं? त्यावर ग्रुपमध्ये जुंपली ती भलत्याच मुद्द्यावर. सेन्सरीचं काम (मुलाला स्पर्श, आवाज, हालचाल झेपावी यासाठीची थेरपी) फिजिओने करावं की नाही! त्या बिचारीला उत्तर मिळालंच नाही.

म्हणून हा धागा. आपल्याकडे संघटनांचा तुटवडा नाही. ओटींची (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणारे) अखिल भारतीय संघटना १९५२ ची, फिजिओंची १९५५ ची. स्पीचवाल्यांची वेगळी, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वेगळी, कृत्रिम अवयव बनवणाऱ्यांची वेगळी. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम) असलेलं मूल मात्र एकच असतं आणि त्याचे आईबाप यातल्या बहुतेकांचे उंबरे झिजवत असतात. ओटीने हाताला स्प्लिंट दिलेला असतो, फिजिओ म्हणतो रात्री काढून ठेवा, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं शून्य.

माझं म्हणणं असं की जिल्ह्याजिल्ह्यात या सगळ्यांची मिळून एक संघटना हवी, आणि सभासदांची गाऱ्हाणी ऐकण्याआधी तिने सभासदांविरुद्धची गाऱ्हाणी ऐकावीत. मतं मांडा.

तिरकस

अरे देवा, अजून एक संघटना. म्हणजे अजून एक अध्यक्ष, दोन कार्याध्यक्ष, शाल-श्रीफळ आणि स्मरणिकेतल्या जाहिराती.

या संघटनांचा आवाज सगळ्यात मोठा कधी निघाला, सांगा बरं? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओंनी नावाआधी 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं तेव्हा. दुसऱ्याच दिवशी पत्र मागे! एवढी ताकद आहे ना अंगात? मग गल्लोगल्ली 'ऑटिझम पूर्ण बरा' असे बोर्ड लागलेत, त्यावर ती कधी खर्च झाली?

आणि तक्रारीसाठी सरकारने आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) बसवलीच आहे. तिच्या डोक्यावर हौशी मंडळ कशाला?

परभणीचा फिजिओ

तिरकसराव, 'डॉ.'ची टिंगल शहरात बसून करायला सोपी आहे. आमच्याकडे लकवा झालेला पेशंट आधी मालिशवाल्याकडे जातो, मग हाडवैद्याकडे, आणि खांदा पार आखडला की आमच्याकडे. त्याच्या लेखी मी 'व्यायामवाला पोरगा'. साडेचार वर्षं शिकून, इंटर्नशिप करून हीच ओळख मिळणार असेल तर तालुक्याला कोण राहील? दाराबाहेरच्या पाटीने पेशंट पंधरा दिवस आधी येत असेल तर त्यात त्याचाच फायदा आहे.

बाकी मेधाताईंशीही असहमत. एकत्र संघटनेत आमचा आवाज दबणार. जिल्ह्यात फिजिओ भरपूर, ओटी बोटांवर मोजण्याइतके, ऑडिओलॉजिस्ट त्याहून कमी. ज्याची संख्या जास्त त्याचा अध्यक्ष, की लगेच बाकीचे वेगळी चूल मांडणार. हे सांगायला ज्योतिषी नको.

मेधा_ओटी

तिरकस, तुमच्या शेवटच्या ओळीतच घोळ आहे, आणि तो बहुतेकांचा असतो. परिषद म्हणजे कायद्याने आलेली संस्था: नोंदणी देते, काढून घेते. संघटना ही आपण वर्गणी भरून चालवलेली. आरसीआयचा कायदा १९९२ चा. त्यात १६ प्रकारचे व्यावसायिक येतात: विशेष शिक्षक, ऑडिओलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कृत्रिम अवयव तज्ज्ञ वगैरे. फिजिओ आणि ओटी त्यात नाहीतच! त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने वेगळी राज्य परिषद झाली, आणि २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात हे दोन्ही व्यवसाय घेतले. म्हणजे एकाच सेंटरमध्ये शेजारशेजारच्या खोल्यांत बसणाऱ्या दोघांविरुद्ध तक्रार करायची तर एक कागद दिल्लीला आणि दुसरा मुंबईला. हे त्या आईला कोण समजावून सांगणार?

शिवाय आरसीआयच्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला शिक्षा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! आज काही ठिकाणी एका सेशनला तेवढे मोजावे लागतात.

आता 'संघटनांनी केलं काय' याचं उत्तर. कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्न करून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली त्यांनी ओटीचं शिक्षण सुरू केलं, संघटना उभी केली, आणि १९५२ मध्ये ओटींचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा पहिल्या दहा देशांत भारत होता. विद्यार्थ्याने किमान हजार तास प्रत्यक्ष पेशंटबरोबर काम केलंच पाहिजे, हा या महासंघाचा दंडक. आपल्या संघटनेमुळे आपण त्या पंगतीत बसलो. सरकारी परिषदा फार नंतर आल्या.

कॅलिपरवाला

मी डिग्रीवाला नाही. वर्कशॉपमध्ये झाडू मारत शिकलो, आज कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), एएफओ (घोटा-पावलाला आधार देणारा प्लास्टिकचा साचा), गुडघ्याखालचे कृत्रिम पाय, सगळं करतो. त्यामुळे या धाग्यावर मी बहुधा 'बोगस' गटात मोडणार.

एक सांगतो. पोराला एएफओ घातला, अर्धा तास चालवलं, काढला. घोट्याच्या आतल्या बाजूला लाल वळ दिसला. वीस मिनिटांत गेला तर ठीक. नाही गेला तर तिथे प्लास्टिक टोचतंय. मग हीट गनने तेवढाच भाग मऊ करायचा आणि हलक्या हाताने बाहेर फुगवायचा. जास्त तापवलं की पॉलीप्रॉपिलीन चकाकायला लागतं, आणि मग सगळा आकार बसला! हे मी नव्या डिग्रीवाल्यांना शिकवतो, आणि मग तेच सही करतात कारण नोंदणी त्यांची.

जयपूर फूट, तो कृत्रिम पाय, माहीत आहे ना सगळ्यांना? १९६८ चा. तो घडवणारे रामचंद्र शर्मा कारागीर होते, डिग्री नव्हती. तुमची संघटना तेव्हा असती तर मास्टरजींना दारात उभं केलं असतं.

तिरकस

कॅलिपरवाले, एक नंबर. मेधाताई, आता बोला.

मेधा_ओटी

बोलते. मास्टरजी एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी होते. पाय चुकीचा बसला, जखम झाली, तर ती बघणारा डॉक्टर त्याच आवारात होता. कारागिराच्या हाताला कुणी हरकत घेत नाही. हरकत आहे ती कुणाच्याच नजरेखाली नसलेल्या कामाला. मुलाचा पाय वाढतो, एएफओ लहान होतो, आणि 'परत कधी यायचं' हे कुणीच सांगितलेलं नसतं.

तुमच्यासारख्यांना सहसभासद म्हणून घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. उलट घ्यावंच. पण मग तक्रार आली तर तुम्हालाही समोर बसावं लागेल, एवढंच.

कॅलिपरवाला

बसेन की. पण सहसभासदाला मत देता येतं का? का फक्त वर्गणी?

बाईंचा वर्ग

मी विशेष शिक्षिका, कंत्राटी. माझ्याकडे तालुक्यातल्या कितीतरी शाळा. आज या गावात, उद्या त्या गावात, एसटीने. तक्रार निवारण वगैरे वाचून छान वाटलं, पण आधी आमच्या पोटाचं बघा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण ठरवायला सांगितलं आणि केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये ते घालून दिलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक. आमच्या तालुक्यात या आकड्यांवर हसू येतं. मी महिन्यातून एकदा एखाद्या मुलाला भेटते आणि त्याच्या फाइलमध्ये 'प्रगती समाधानकारक' लिहिते, कारण रकाना भरायचा असतो. पालकाने उद्या माझ्याविरुद्ध तक्रार केली तर ती खरीच असेल, पण दोष माझा असेल का?

जी संघटना पदांसाठी भांडत नाही आणि फक्त शिस्त लावते तिची वर्गणी मी तरी भरणार नाही.

आणि ते सीआरई (नोंदणीनंतरच्या चालू शिक्षणाचे) पॉइंट! नोंदणी टिकवायला ठरावीक पॉइंट लागतात, म्हणून पदरचे पैसे भरून सेमिनारला जायचं. मागच्या एका सेमिनारला दुपारच्या जेवणानंतर निम्मा हॉल रिकामा होता, आणि प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना मिळाली. संघटनांना काम हवं ना? तालुक्याच्या गावी, रविवारी, फुकट, एखादी खरीखुरी केस समोर ठेवून शिकवा. मी पहिल्या रांगेत बसेन.

परभणीचा फिजिओ

बाईंना +१. या एका मुद्द्यावर मी मेधाताईंच्याही बाजूला येतो. एकच मूल, चौघे थेरपिस्ट आणि पालक एका टेबलाशी, असं महिन्यातून एकदा झालं तर मी दवाखाना बंद ठेवून येईन. अध्यक्षबिध्यक्ष काही नको.

चाकावरची स्वारी

सगळे प्रतिसाद वाचले. थेरपिस्ट बोलले, कारागीर बोलले, शिक्षिका बोलल्या. ज्याच्यावर हे सगळं 'पुनर्वसन' होतं त्याला कुणी हाक मारली नाही, म्हणून आपणच आलो.

पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून मी व्हीलचेअरवर आहे. एका संघटनेच्या परिषदेत मला 'रुग्णाचा अनुभव' सांगायला बोलावलं होतं. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. चौघांनी खुर्चीसकट उचललं. व्यासपीठावर विषय होता सुगम्यता! (अवांतर: जेवण तळमजल्यावर होतं, त्यामुळे परत चौघे.) यातले दोघे पुनर्वसन तज्ज्ञ होते आणि उचलताना खुर्ची कुठे धरायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. निघणाऱ्या आर्मरेस्टला धरलं की ती हातात येते आणि माणूस खाली.

मेधाताई, तुमच्या तक्रार समितीत थेरपिस्टच थेरपिस्टचा निवाडा करणार असतील तर निकाल मी आजच लिहून देतो. समितीत निम्मे लोक दिव्यांग आणि पालक असू देत. नुसते निमंत्रित नकोत, मताचा अधिकार असलेले हवेत. हे जमत नसेल तर तिरकस म्हणतात तेच खरं.

मेधा_ओटी

निम्मे? बाकीच्या सभासदांना हे पटवणं अवघड जाईल. मी एक तृतीयांश धरून चालले होते.

चाकावरची स्वारी

बघा, अजून संघटना झाली नाही आणि घासाघीस सुरू.

अन्वयचा बाबा

मी शक्यतो नुसता वाचतो, आज लिहितोय. माझा मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे. एका सेंटरने सहा महिन्यांच्या पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले. दुसऱ्या महिन्यात थेरपिस्ट बदलली, तिसऱ्यात परत बदलली. विचारलं तर म्हणतात, 'मुलाला सवय होईल.' आता पैसे परत द्यायला नकार. तुमची संघटना होईल तेव्हा होईल, मी आज काय करू?

मेधा_ओटी

आधी तिन्ही थेरपिस्टची नावं आणि नोंदणी क्रमांक लेखी मागा. स्पीच किंवा विशेष शिक्षक असेल तर नाव आरसीआयच्या नोंदवहीत असलं पाहिजे, ओटी असेल तर राज्य परिषदेकडे. नाव नसेल तर त्या त्या परिषदेला लेखी कळवा. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. अर्जाचा मसुदा मी बघून देते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तिरकस

म्हणजे संघटनेशिवाय काम झालं की.

मेधा_ओटी

झालं, कारण ते नेमके या धाग्यावर आले. ती पावतीवाली आई अजून उत्तराची वाट बघत्येय.

अन्वयचा बाबा

धन्यवाद. पण माझ्याकडे तर पावतीही नाही. सगळे पैसे मोबाइलवरून पाठवले आणि पॅकेजचं फोनवरच ठरलं. चालेल का?

मेधा_ओटी

यूपीआयची नोंद आणि त्यांच्याबरोबरचे व्हॉट्सॅप मेसेज जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका. बँकेचं स्टेटमेंट काढा आणि त्या ओळींवर खुणा करून ठेवा. आणि आजच त्यांना एक मेसेज टाका: 'सहा महिन्यांच्या पॅकेजपैकी किती सेशन झाली ते कळवा.' जे उत्तर येईल ते तुमच्याच कामाचं.