पोटरी भरून आली, पण गाठ राहिली: हा व्रण की ट्रिगर पॉइंट?

मैदानफिजिओ
कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्यांमध्ये पोटरीची एक दुखापत सारखी दिसते. गुडघा सरळ, घोटा वाकलेला आणि त्याच क्षणी जोराची झेप. अशा वेळी पोटरीच्या आतल्या बाजूचा गॅस्ट्रॉक्नेमियस (पोटरीचा वरचा, फुगीर दिसणारा स्नायू) खालच्या टोकाला, कंडरेच्या पडद्याला मिळतो तिथे फाटतो. आठ-दहा आठवड्यांनी सोनोग्राफीत जखम भरलेली दिसते, चालताना त्रास नसतो. पण पळायला लागलं की फाटलेल्या जागेच्या चार बोटं वर, स्नायूच्या फुगीर भागात, दोरीसारखा ताठ पट्टा हाताला लागतो. त्यातल्या एका बिंदूवर दाबलं की तळपायाच्या कमानीपर्यंत कळ जाते. अशा बिंदूला ट्रिगर पॉइंट म्हणतात. खेळाडू ही 'गाठ' कोपराने रगडून 'फोडून' घेतात. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

त्या बिंदूपाशी ऊतीत नेमका काय बदल झालेला असतो? तो व्रणाचाच, म्हणजे भरलेल्या जखमेच्या घट्ट ऊतीचाच, भाग आहे का? आणि दाब द्यायचाच असेल तर कधी आणि किती?

ऊतीअभ्यास
जखमेच्या जागी होते ती दुरुस्ती आणि ट्रिगर पॉइंटपाशी होतो तो बिघाड, या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. त्या शेजारी शेजारी चालतात म्हणून एकच वाटतात.

आधी दुरुस्ती. तंतू तुटला की रक्त साचतं, पांढऱ्या पेशी येऊन मेलेला भाग साफ करतात आणि तंतूच्या कडेला सुप्त असलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन नवे तंतू बांधू लागतात. हे काम दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जोरात असतं. त्याच वेळी मधल्या फटीत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरतं, आधी तिसऱ्या प्रकारचं, मग हळूहळू पहिल्या प्रकारचं, जे जास्त मजबूत असतं. साधारण पहिले दहा दिवस हा व्रणच सर्वांत कमजोर दुवा असतो. पुढे तो घट्ट होतो, आणि स्नायू पुन्हा फाटलाच तर बहुतेकदा व्रणाला लागून असलेल्या तंतूंत फाटतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चेतातंतू स्नायूतंतूला साधारण मधल्या भागात येऊन मिळतो. तंतू मध्येच तुटला की चेतासंधी (चेतातंतू जिथे मिळतो ती जागा) नसलेला तुकडा आज्ञेविना पडून राहतो. त्याला नवा चेतासंधी मिळेपर्यंत तो बारीक होत जातो, आणि तेवढं काम उरलेल्या तंतूंवर येतं. तुम्ही म्हणता तो पट्टा याच उरलेल्या, न फाटलेल्या तंतूंमध्ये असतो. म्हणून तो जखमेच्या जागी न सापडता वर, फुगीर भागात सापडतो.

आता बिघाड. ट्रिगर पॉइंटवर काम केलेल्या जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांच्या कामातून पुढे आलेली मांडणी अशी: काही चेतासंधींपाशी अॅसिटिलकोलिन, म्हणजे स्नायूला आखडायची आज्ञा पोचवणारं रसायन, गरजेपेक्षा जास्त झिरपतं. तिथले सार्कोमिअर (तंतूतले आखडणारे सूक्ष्म घटक) आखडतात आणि त्याच तंतूतले दोन्ही बाजूंचे सार्कोमिअर ताणले जातात. म्हणून बिंदू टणक आणि पट्टा ताठ. आखडलेल्या भागात केशवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो, एटीपी हे पेशीचं इंधन कमी बनतं. खरी मेख इथे आहे. स्नायू आखडायला ऊर्जा लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण सैल व्हायलाही लागते. मायोसिन या आखडवणाऱ्या प्रथिनाची पकड सुटायला एटीपी हवं आणि कॅल्शियम परत साठ्यात भरायलाही एटीपीच हवं. ते नसेल तर आकुंचन आज्ञेशिवाय टिकून राहतं. त्या जागचं आम्लत्व वाढतं, आणि आम्लात अॅसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम मंदावतं. चक्र पूर्ण होतं.

तेव्हा ही 'गाठ' कोलॅजनची नाही, तिथे फोडण्यासारखं काही नसतं. कोपराने रगडल्यावर मिळणारा दोन दिवसांचा आराम बहुधा चेतासंस्थेने वेदना तात्पुरती दाबल्याचा असतो. वर काळंनिळं पडलं असेल तर ती नवी इजा, आणि तिच्यातून वेदना वाढवणारी रसायनं बाहेर पडतात.

पोटरीत गोळा येतो तोही वेगळा प्रकार. गोळ्यात स्नायू विद्युतदृष्ट्या जोरात पेटलेला असतो. ट्रिगर पॉइंटचा पट्टा विश्रांतीत जवळपास शांत असतो, फक्त त्या बिंदूपाशी सुईच्या ईएमजीत (स्नायूतली विद्युत हालचाल मोजणारी तपासणी) बारीक खळबळ मिळते. हबर्ड आणि बर्कॉफ या संशोधकांनी १९९३ साली ती नोंदवली होती.

हातपारख
वरच्या माहितीला तपासणीची जोड देतो. खेळाडूला पालथं झोपवा आणि घोट्याखाली उशी ठेवा, म्हणजे गुडघा किंचित वाकेल आणि पोटरी सैल पडेल. बोटं तंतूंना आडवी फिरवा. उभी फिरवली तर पट्टा हाताला लागत नाही.

व्रण फाटलेल्या जागीच असतो, पसरट आणि घट्ट लागतो, ताण दिला किंवा जोर लावला की तिथल्या तिथे दुखतो. ट्रिगर पॉइंट ताठ पट्ट्यावर सापडतो, आणि पाच ते दहा सेकंद दाब धरला की 'हेच ते माझं दुखणं' असं खेळाडू ओळखतो. आतल्या गॅस्ट्रॉक्नेमियसची कळ तळपायाच्या कमानीत जाते. टाचेत गेली तर सोलियस, म्हणजे गॅस्ट्रॉक्नेमियसखालचा स्नायू, तपासा. आडवा झटका दिला तर कधीकधी पट्टा क्षणभर फडफडतो, पण फडफड नाही म्हणजे ट्रिगर पॉइंट नाही असं समजू नका.

बोट लावण्याआधी मात्र तीन शक्यता वगळायलाच हव्यात. पोटरी सुजलेली, गरम आणि सतत दुखरी असेल तर शिरेतली गुठळी. तिथे मालीश नाही, आधी डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. या दुखापतीत गॅस्ट्रॉक्नेमियस आणि सोलियस यांच्या मध्ये द्रव साचून राहू शकतो, तो सोनोग्राफीत मुद्दाम बघायला सांगा. आणि मांडीला मुका मार लागलेल्या खेळाडूची गाठ तिसऱ्या आठवड्यानंतर आणखी कडक होत असेल, गुडघा कमी वाकत असेल, तर स्नायूत हाड तयार होत असण्याची शक्यता धरून एक्स-रे काढा. अशा गाठीला चोळणं घातक आहे.

पुरावापाहू
चेतासंधीची मांडणी सुसंगत आहे, तरी तिला सिद्ध झालेली म्हणू नये. सर्वांत भक्कम माहिती जय शाह आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या कामातून आली. २००५ साली त्यांनी बारीक सुईतून मानेजवळच्या ट्रॅपेझियस स्नायूमधला द्रव तपासला. दुखऱ्या ट्रिगर पॉइंटपाशी पीएच कमी (म्हणजे आम्लत्व जास्त) होता आणि ब्रॅडिकायनिन, सबस्टन्स पी, सीजीआरपी या वेदना आणि दाहाशी जोडलेल्या द्रव्यांचं प्रमाण जास्त होतं. २००८ साली त्यांनी मानेबरोबर पोटरीही तपासली, जिथे ट्रिगर पॉइंट नव्हता. मानेत दुखरा बिंदू असलेल्यांच्या पोटरीतही ही द्रव्यं वाढलेली सापडली! म्हणजे बिघाड फक्त त्या एका बिंदूचा नाही, सगळ्या चेतासंस्थेची संवेदनशीलता बदललेली असू शकते. २००९ मध्ये सिकदर आणि सहकाऱ्यांना सोनोग्राफीत त्या जागी गडद, लंबगोल, जास्त कडक भाग दिसले. व्रण सहसा उजळ दिसतो, त्यामुळे हा फरक उपयोगी आहे.

दुसरी बाजूही आहे. २०१५ साली क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन या संशोधकांनी सगळ्या मांडणीवरच आक्षेप घेतला. त्यांच्या मते वेदनेचं मूळ चेतातंतूंच्या दाहात असू शकतं. शिवाय दोन अनुभवी तपासनीस एकाच बिंदूवर बोट ठेवतील याची खात्री नसते. म्हणून निव्वळ बोटाला लागलेल्या गाठीवर उपचार ठरवू नका, ओळखीची कळ उमटते का हे महत्त्वाचं.

मैदानफिजिओ
खूप आभार, जखमेच्या वरच्या तंतूंचा मुद्दा आता नीट लक्षात आला. दाबाचं प्रमाण, सुई आणि व्यायाम याबद्दल कोणी नेमकं सांगेल का?

हातपारख
पहिले तीन आठवडे जखमेच्या आसपास खोल दाब नको. पुढे बोटाच्या सपाट भागाने दाब द्या, दुखणं दहापैकी चार-पाचपर्यंतच जाऊ द्या, आणि ते निम्म्यावर येईपर्यंत ३० ते ६० सेकंद धरा. असं दोन-तीन वेळा, एक दिवसाआड. लगेच घोटा हळूहळू दहा वेळा वरखाली, मग गुडघा सरळ ठेवून ३० सेकंदांचा ताण तीन वेळा. दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसलं तर दाब जास्त झाला.

कोरडी सुई (औषध न भरता बिंदूत टोचायची बारीक सुई) प्रशिक्षित हातानेच. गुडघ्यामागची खळगी आणि तिच्या खालचा मधला भाग टाळायचा, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि टिबियल चेता जाते. रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का ते आधी विचारा. नंतर एक-दोन दिवस ठणका राहतो हे खेळाडूला सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा फाटलं म्हणून घाबरतो.

पण दाब आणि सुई यांनी फक्त संधी मिळते. पट्टा परत येतो तो उरलेल्या तंतूंवरचा भार तसाच राहिल्यामुळे. टाच उचलून स्थिर धरणं, ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा, इथून सुरुवात करा. मग दोन्ही पायांवर १५ चे तीन संच, मग एका पायावर, खाली येताना तीन सेकंद. गुडघा सरळ आणि वाकवून असं दोन्ही करा, नाहीतर सोलियस मागे राहतो. पुढे पाठीवर वजनाची पिशवी. व्यायामात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, मात्र सकाळपर्यंत ते ओसरलं पाहिजे. नाही ओसरलं तर आदल्या टप्प्यावर या.

एका पायावर २५ च्या आसपास टाच-उचल, आणि दुसऱ्या पायाइतकीच उंच, जमल्याशिवाय चढाईला सोडू नका. संख्या जमते पण टाच अर्धीच उठते, असे खेळाडू बरेच असतात. भिंतीवर खडूने उंचीची खूण करून मोजा.