मगोचा सिंह १८ वरून २ वर कसा आला?

डिचोलीचा नातू:

नमस्कार. चवथीला सगळं घर गावी जमलं होतं. माटोळी बांधून झाली आणि नेहमीप्रमाणे राजकारण निघालं. आजोबा ८६ वर्षांचे आहेत. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांनी सिंहाला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगोच्या) चिन्हाला मत दिलं, आणि आमच्याकडे सिंहाचा उमेदवार असला की आजही तिथंच देतात. काका भाजपचे. चुलत बहीण पुढच्या खेपेला आरजीला (रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाला) मत देणार म्हणते. ती आजोबांना म्हणाली, "तुमच्या सिंहाला दिलेलं मत शेवटी कमळालाच जातं, मग सरळ तिकडंच का देत नाही?" आजोबा काहीच बोलले नाहीत. उठून देवाजवळ जाऊन बसले.

मला ते बघवलं नाही. पण बहिणीला उत्तर द्यायला माझ्याकडेही काही नव्हतं. ज्या पक्षाने गोव्यात पहिलं सरकार बनवलं, १९८९ मध्येही ज्याचे ४० पैकी १८ आमदार होते, त्याचे २०२२ मध्ये फक्त २ निवडून आले. हे कसं झालं? जुन्या माणसांनी सांगावं. नुसत्या शिव्या नकोत.

फोंड्याच्या बाई:

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तुमच्या आजोबांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण त्यांचं गप्प बसणं मला कळतं.

आम्ही मुंडकार. घर आमचं, पण खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. छपराचे नळे बदलायचे तरी वडिलांना विचारायला जावं लागे, आणि ते पायरीखाली उभे राहून विचारत. अंगणात पडलेला नारळसुद्धा आमचा नव्हता. मुक्ती १९६१ च्या डिसेंबरात झाली, पण आमच्या वाड्यावर ती दिसली मगोचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं सरकार आल्यावर. देवळाच्या सभामंडपात मराठी शाळा भरू लागली. माझी आई अंगठा लावायची. मी त्याच सभामंडपात 'ग म भ न' शिकले आणि पुढे मास्तरीण झाले. सिंहाला मत का, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आता एक गोष्ट नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेबांनी आधीच राजीनामा दिला होता. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. वडिलांनी आमच्या दारावर खडूने फूल काढलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. पावसाळ्यात आपोआप गेलं.

पण लगेच दोन-अडीच महिन्यांत विधानसभा निवडणूक झाली आणि विलीनीकरणावर हरलेला मगो पुन्हा १६ जागा घेऊन सरकारात बसला. मतांचा हिशेब वेगळा आणि जागांचा वेगळा, हे मला कळतं. तरी माझं ठाम मत आहे की सिंहाच्या मागे जी माणसं होती त्यांना मुंबईपेक्षा पायाखालची जमीन जवळची होती. विलीनीकरण हा पुढाऱ्यांचा आणि शिकलेल्यांचा ध्यास, आमचा ध्यास नळे बदलण्याचा.

१९७२ मध्ये १८ जागा आल्या. पुढच्या वर्षी भाऊसाहेब गेले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात मुंडकार कायदा आला, १९७५ साली. पुढच्या वर्षी कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीचा मालक करण्याचं ठरलं. हे लहान काम नव्हे. मामलेदाराच्या कचेरीत पुढे कितीही खेटे पडले तरी भाटकारासमोर मान वर करून उभं राहता आलं ते या दोन कायद्यांमुळे. आणि नेमकं त्यानंतर काय झालं? १९७९ मध्ये स्वतःचेच आमदार फुटून सरकार पडलं, १९८० मध्ये ७ जागा. माझा धाकटा भाऊ तेव्हा मताच्या वयाला येत होता. त्याने भाटकाराची पायरी पाहिलीच नव्हती. त्याला नोकरी हवी होती. पक्षाकडे त्याला सांगायला भाऊसाहेबांचा फोटो सोडून फारसं काही नव्हतं, हे मी फार दुःखाने लिहिते आहे.

१९८७ मध्ये कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, मे महिन्यात गोवा वेगळं घटकराज्य झालं. विलीनीकरणाचं दार कायमचं बंद. १९८९ चे १८ हा शेवटचा मोठा आकडा. त्यातलेही सगळे टिकले नाहीत. आमच्या फोंड्याचे रवी नाईक मगोतून फुटून बाहेर पडले आणि १९९१ मध्ये काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. २०२२ ला ते भाजपकडून उभे राहिले आणि मगोच्याच उमेदवाराला शंभरापेक्षाही कमी मतांनी हरवून जिंकले.

मग भाजपशी युती. १९९४ मध्ये मगोचे १२ आणि भाजपचे ४. १९९९ मध्ये मगो ४, भाजप १०. २००२ मध्ये मगो २, भाजप १७. बहुजन समाजाच्या ज्या वाड्यांवर कमळाला कुणी ओळखत नव्हतं, तिथं मगोच्या कार्यकर्त्याने हाताला धरून नेलं. ओसरी आपणच दिली. पण भाजपवाल्यांनी त्यानंतर कष्टही केले, ते नाकारता येणार नाही. ते बारा महिने वाड्यावर यायचे, आमचे पुढारी निवडणुकीला.

तुमच्या बहिणीचं म्हणणं आकड्यांपुरतं खरं आहे. २०२२ ला मगो तृणमूलबरोबर लढला आणि निकालानंतर भाजपच्या सरकारला पाठिंबा दिला. पण आजोबा पक्षाला मत देत नाहीत हो. ज्या दिवशी त्यांना माणूस म्हणून मोजलं गेलं, त्या दिवसाला देतात. बहिणीने कुणालाही मत द्यावं, फक्त आधी त्यांना विचारावं की त्यांचं घर कुणाच्या जमिनीवर होतं.

बूथवरचा:

बाईंनी जुनं सांगितलं, मी अलीकडचं सांगतो. चार निवडणुकांत पोलिंग एजंट म्हणून बसलो आहे, कुठल्या पक्षाचा ते राहू दे.

गोव्यात २०२२ ला मतदारसंघ सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदारांचा होता. महाराष्ट्रात एका मतदारसंघात तीन लाखांवर असतात. इथं उमेदवार प्रत्येक घर ओळखतो. कुणाच्या घरी बारसं, कुणाच्या घरी बारावा, सगळीकडे हजर. त्यामुळे माणसं आमदाराला मत देतात आणि आमदार जाईल तिकडे मत जातं. चिन्ह मागे राहतं.

त्यात पक्षांतरबंदी कायदा. दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर ते विलीनीकरण ठरतं, आमदारकी जात नाही. आता हिशेब करा. २०१७ ला मगोचे आमदार ३. भाजपचे मुख्यमंत्री पर्रीकर वारल्यावर दहा दिवसांत, २७ मार्च २०१९ च्या मध्यरात्री, तिघांतले दोघे भाजपमध्ये. दोन तृतीयांश भरले! त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसचे १५ पैकी १०. २०२२ ला काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही म्हणून देऊळ, खुरीस (क्रॉस) आणि दर्गा, तिन्ही ठिकाणी शपथ घेतली. सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले. म्हणजे लहान पक्षाला निवडून येणंही धोक्याचंच. तीन आमदार असले तर दोघांनी ठरवलं की संपलं.

यादीवर खूण करताना म्हातारी माणसं विचारतात, "बाबा, हा राहील ना?" मला उत्तर देता येत नाही, आणि ते फार लागतं.

सावंतवाडीकर:

आमच्याकडे अजून काही जुनी माणसं म्हणतात की कौल उलटा लागता तर पणजी आमच्या राज्यात असती. मला वाटतं गोव्याने बरोबर केलं. एवढ्या मोठ्या राज्यात तुमची डिचोली कुणाला दिसली असती? फुटाफुटीचं म्हणाल तर २०२२ आणि २०२३ मध्ये आमच्याकडे पक्षच काय, नाव आणि चिन्हही वेगळ्या गटाकडे गेलं. आमचे वडील धनुष्यबाणाचे. मतदानाला जाताना विचारत होते, "आपलो बाण खंयचो?"

डिचोलीचा नातू:

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं उत्तर मी काल आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं, बहिणीलाही बोलावलं. दारावरच्या खडूच्या फुलापाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग आत जाऊन ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीचा सरकारी कागद आणला. कुळाच्या रकान्यात पणजोबांचं नाव आहे. त्याच्यावर बोट ठेवून ते बहिणीला म्हणाले, "हें वाच." तिने वाचलं, मोबाईलवर त्याचा फोटो घेतला आणि मग बराच वेळ त्यांच्याजवळ बसून भाटकाराबद्दल विचारत राहिली.

ती मत अजूनही आरजीलाच देणार म्हणते. आजोबा म्हणाले, दी.