"मी यातून बरा होणार ना?" असे रुग्णाने विचारल्यास काय सांगावे?

प्रश्न
असाध्य आजार असलेल्या रुग्णांना घरी जाऊन भेटणारी मी एक प्रशिक्षित स्वयंसेविका आहे. सध्या ज्या वृद्ध गृहस्थांकडे जाते त्यांचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला आहे आणि उपचारांचा भर आता त्रास कमी करण्यावरच आहे. "बाबांना काही कळू देऊ नका, ते खचतील," असे मुलांनी मला पहिल्याच भेटीत बजावले होते. गेल्या भेटीत मुलगा बाहेर जाताच त्यांनी विचारले, "मी यातून बरा होणार ना?" खोटे बोलायचे नाही आणि कुटुंबाचा विश्वासही गमवायचा नाही, अशा वेळी नेमके काय बोलावे?

प्रतिसाद १ (समुपदेशक)
निदान आणि आजाराची पुढची वाटचाल सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे. प्रश्न नीट ऐकून घेणे हे मात्र आपले काम आहे. "तुम्हाला स्वतःला काय वाटते?" किंवा "आज हे का विचारावेसे वाटले?" असे विचारून थांबावे आणि ते गप्प राहिले तरी घाईने बोलू नये. पुष्कळदा या प्रश्नाआड दुसराच प्रश्न असतो: शेवटी फार दुखेल का, माझ्यामागे पत्नीचे कोण पाहील, मुलांना माझे ओझे झाले आहे का. या प्रश्नांवर प्रामाणिकपणे बोलता येते आणि त्यासाठी बरे होण्याचे खोटे आश्वासन द्यावे लागत नाही. काही रुग्णांना खरोखरच अधिक जाणून घ्यायचे नसते. त्यांच्या त्या इच्छेचाही मान राखावा.

ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली रुग्णालयांत दिसणारी एक नेहमीची अवस्था वर्णन केली होती: रुग्णाला सारे ठाऊक असते, कुटुंबालाही ठाऊक असते, आणि दोघेही एकमेकांसाठी काही ठाऊक नसल्याचे दाखवत राहतात. अशाने ज्या काळात माणसाला आपल्यांची सर्वाधिक गरज असते, त्याच काळात तो घरच्यांमध्ये असूनही एकटा पडतो. मुलांना दोष देऊ नका, कारण त्यांच्या "सांगू नका" या म्हणण्यामागे वडिलांवरील मायेइतकीच स्वतःची भीतीही असते. त्यांना वेगळे भेटून हे लपवण्याचा ताण त्यांच्यावर किती येतो ते विचारा, आणि "मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी थेट विचारले तर खोटेही बोलणार नाही," हे स्पष्ट करा. त्यानंतर डॉक्टरांसोबत एकत्र बसण्याची तयारी बरेच कुटुंबीय दाखवतात.

प्रतिसाद २ (परिचारिका, उपशामक सेवा)
बोलण्याआधी वेदना पाहा. रात्रभर दुखण्याने न झोपलेला माणूस सकाळी मन मोकळे करू शकत नाही. परिचारिका, सामाजिक कार्यकर्त्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारे केंद्र सुरू केले. वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी एकमेकींत गुंतलेली असते, हा विचार त्यांनी मांडला. म्हणून औषध वाढवूनही दुखणे कमी होत नसेल तर डॉक्टरांना कळवण्याबरोबरच त्या माणसाला कोणती चिंता छळते आहे तेही विचारावे.

दुसरी गोष्ट नैराश्याची. भूक मंदावणे, थकवा आणि झोपेची तक्रार ही लक्षणे मूळ आजारामुळेही दिसतात, त्यामुळे त्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. आवडत्या माणसांच्या सहवासातही आनंद न वाटणे, आपण कवडीमोल आहोत असे वाटणे, सतत अपराधी वाटणे किंवा लवकर मरण यावे असे वारंवार म्हणणे, यांकडे मात्र "या वयात असे होणारच" म्हणून दुर्लक्ष करू नये. अशा आजारातही नैराश्यावर उपचार होऊ शकतात.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. मुलांशी मी या आठवड्यात बोलेन. एक शंका उरते: ते गृहस्थ कधी चिडतात, तर कधी पुढच्या वर्षीचे बेत सांगतात. त्यांना मृत्यूच्या स्वीकारापर्यंत नेणे अपेक्षित आहे का?

प्रतिसाद ३ (मानसशास्त्रज्ञ)
नाही, आणि हे मी आग्रहाने सांगते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली नकार, राग, घासाघीस (मरण टळावे म्हणून देवाशी किंवा नशिबाशी मनातल्या मनात सौदा करणे), नैराश्य आणि स्वीकार या पाच अवस्था मांडल्या, त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांवरून. त्या क्रमानेच येतात किंवा प्रत्येकाने शेवटची गाठलीच पाहिजे असे मुळीच नाही. सकाळी मृत्युपत्राबद्दल बोलणारा माणूस संध्याकाळी प्रवासाचा बेत आखू शकतो. तो बेत खोडून काढू नये आणि त्याला खतपाणीही घालू नये, "तिथे जाऊन काय करावेसे वाटते?" असे विचारावे, म्हणजे त्या इच्छेतला आजच शक्य असलेला भाग हाती लागतो.

मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली वृद्धांचे आठवणींत रमणे हे भरकटणे नसून आयुष्याचा आढावा असल्याचे दाखवून दिले. कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी विकसित केलेल्या प्रतिष्ठा-उपचारपद्धतीत रुग्णाला आयुष्यातील महत्त्वाच्या गोष्टी, अभिमान वाटणारी कामे आणि आपल्या माणसांना सांगायच्या राहिलेल्या गोष्टी विचारतात, ते बोलणे ध्वनिमुद्रित करतात आणि त्याचा मजकूर तयार करून रुग्णाच्याच हाती देतात. ही पद्धत प्रशिक्षणाशिवाय पूर्णपणे राबवू नका, पण त्यातले प्रश्न साध्या गप्पांतही विचारता येतात. ते थकत आहेत असे दिसताच थांबा. काही लिहून घेतले तर ते त्यांना वाचून दाखवा आणि काय ठेवायचे, काय गाळायचे ते त्यांनाच ठरवू द्या, कारण एखादी जुनी आठवण मागे राहणाऱ्यांपैकी कोणाला दुखावणारीही असू शकते.