व्याज हे पाप होते, तर आपल्या पतपेढ्यांचे काय?

वसई-पश्चिम यांचा प्रश्न:

आमच्या धर्मग्रामातील बायबल अभ्यासवर्गात लेवीय पुस्तकाचा 25वा अध्याय वाचताना एक प्रश्न निघाला आणि तो वर्गात सुटला नाही. दारिद्र्यात आलेल्या भावाकडून व्याज घेऊ नये, अशी आज्ञा तेथे स्पष्ट आहे. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने (चर्चच्या बिशपांच्या सभेने) तर उघडपणे सावकारी करणाऱ्याला कम्युनियन (मिस्सातील पवित्र भाकर) आणि ख्रिस्ती दफन हे दोन्ही नाकारले. आज मात्र वसईत चर्चपासून हाकेच्या अंतरावर पतपेढी असते, तिच्या संचालक मंडळावर श्रद्धाळू माणसे असतात आणि ठेवीवरचे व्याज घेताना कोणाच्या मनाला टोचणी लागत नाही. ही नीती केव्हा आणि कशामुळे बदलली? आणि जी इतकी बदलते, तिला देवाची आज्ञा म्हणून शिकवावे कसे?

चौल-वाचक यांचे उत्तर:

आपण विचारलेला बदल सुमारे पंधराशे वर्षे चालला होता, त्यामुळे त्याला एक तारीख देता येत नाही. 325 च्या नायसिया परिषदेने व्याजबट्टा करणाऱ्या धर्मगुरूंना पदच्युत करण्याचा नियम केला; सामान्य ख्रिस्ती माणसानेही तो करू नये, असे पोप लिओ पहिले यांनी पाचव्या शतकात बजावले. बाझिल आणि अँब्रोज या धर्माचार्यांची त्या काळातील प्रवचने वाचली, तर त्यांच्यासमोरचा ऋणको कोण होता हे कळते. तो उपाशी होता, संकटात होता, आणि फेड न झाल्यास त्याची मुलेही विकली जात.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी या मनाईला तर्काची बैठक दिली. धान्य किंवा द्राक्षारस वापरला की संपतो, म्हणून त्याची किंमत घेऊन वर वापराचे भाडेही घेणे म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणे होय. घर वापरूनही उरते, म्हणून त्याचे भाडे न्याय्य आहे. पैसा खर्चूनच वापरता येत असल्यामुळे त्यांनी तो धान्याच्या बाजूला ठेवला. कर्ज दिल्यामुळे धनकोचे प्रत्यक्ष नुकसान झाले, तर त्याची भरपाई आधी ठरवून घेता येते, हे मात्र त्यांनीही मान्य केले. तोच पैसा व्यापारात घातला असता तर मिळाला असता अशा नफ्याची भरपाई त्यांना मान्य नव्हती. पुढे इटलीतील शहरांचा व्यापार वाढला, पैसा गुंतवायला जागा मिळू लागली आणि नंतरच्या पंडितांनी तीही हळूहळू स्वीकारली. म्हणून माझ्या मते आज्ञा तीच राहिली; पैशाचे कार्य पालटले.

रत्नागिरी-प्रोटेस्टंट यांचे उत्तर:

चौल-वाचक यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. 1311-12 च्या व्हिएन परिषदेने व्याज घेणे पाप नाही असे हट्टाने म्हणणाऱ्याला पाखंडी ठरवले होते, आणि 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेने (चर्चच्या कायद्याच्या संग्रहाने) कायदेशीर दराने व्याज घेण्यास मोकळीक दिली. मधल्या काळात शिकवणच बदलली, हे सरळ मान्य करण्यात धर्माची काही हानी नाही. प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिन यांनी 1545 च्या एका पत्रात पैसा स्वभावतः वांझ असतो, म्हणजे पैशातून पैसा जन्मत नाही, हा मनाईमागचा जुना युक्तिवादच नाकारला आणि व्याजाला वाट दिली. पण त्यांच्या अटी आपण सोयीने विसरतो. गरिबाकडून व्याज घेऊ नये, तारणाच्या मोहात गरजूला दूर लोटू नये, ऋणकोलाही त्या पैशातून निदान तितकाच लाभ व्हावा, अशा त्या अटी होत्या.

उत्तन-किनारा यांचे उत्तर:

दोघांच्याही उत्तरात एक टप्पा राहिला आहे, आणि वसईकरांच्या प्रश्नाच्या तो सर्वांत जवळचा आहे. 1462 मध्ये पेरुज्जा येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या पुढाकाराने गरिबांना तारणावर कर्ज देणारी पेढी निघाली. कारकुनांचा पगार आणि जागेचा खर्च भागावा म्हणून अशा पेढ्या अल्प आकार घेत. यावर बराच वाद माजला आणि अखेर 1515 मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने ही पद्धत निर्दोष ठरवली. सावकाराच्या तावडीतून गरीब सुटावा म्हणूनच मनाई होती आणि त्याच हेतूने हा अपवाद आला. आपल्या पतपेढ्यांचे मूळ मी येथे पाहतो. 1745 च्या परिपत्रात पोप बेनेडिक्ट चौदावे यांनीही केवळ कर्ज दिले म्हणून नफा मागणे चूकच ठरवले, मात्र अन्य न्याय्य कारणे असू शकतात, असे म्हटले.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. नाखवा व्यापाऱ्याकडून उचल घेतो. कागदावर व्याज शून्य असते, पण मासळी त्यालाच आणि तो म्हणेल त्या भावाने घालावी लागते. धर्मसंहितेच्या शब्दांत हा व्यवहार सापडणार नाही. बाझिल यांनी मात्र तो लगेच ओळखला असता. उलट पतपेढीने वाजवी दराने दिलेले होडीचे कर्ज त्या नाखव्याला मोकळे करू शकते. अभ्यासवर्गाने दराबरोबर हेही तपासावे, की 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, घरात एक पैसा येत नसताना, आपली पतपेढी त्याच्याकडे हप्ता मागते का, आणि थकल्यास दंडव्याज लावते का.