वाड्याच्या तुळईचे वय कार्बन-१४ पद्धतीने कळेल का?

प्रश्न (ग्वाल्हेर): शहरातील लष्कर या भागातल्या आमच्या वाड्याची डागडुजी चालू असताना माजघरावरची सागवानी तुळई उतरवावी लागली. काका ती महादजी शिंद्यांच्या काळातील असल्याचे सांगतात. तिचा तुकडा तपासून घ्यावा का?

उत्तर १: कार्बन-१४ म्हणजे झाड हवेतून घेते तो किरणोत्सारी कार्बन; लाकूड तयार झाल्यावर तो हळूहळू घटतो, आणि किती उरला त्यावरून वय काढतात. त्याचे अर्धायुष्य (निम्मा होण्याचा काळ) सुमारे ५,७३० वर्षे असल्यामुळे दोनशे वर्षांत त्याचा जेमतेम अडीच टक्के ऱ्हास होतो, आणि त्यातच साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातील त्याचे प्रमाण इतके वरखाली झाले की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळी शतके जुळतात. शिवाय मिळणारे वर्ष नमुन्यातले वाढीचे वर्तुळ खोडात तयार झाल्याचे असते, वाडा बांधल्याचे नव्हे. म्हणून नमुना सालीलगतचा घ्यावा. (लष्कर वसले ते महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून, महादजींच्या निधनानंतर, १८१० च्या सुमारास. तुळई दुसरीकडून आणली असेल, तरच काकांचे म्हणणे टिकेल.)

उत्तर २: कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरक पद्धतीला (एएमएस) काही मिलिग्रॅम लाकूड पुरते, मात्र वर काय चोपडले आहे ते आधी पाहावे. जवसाच्या तेलातील ताज्या कार्बनमुळे लाकूड तरुण भासते, तर खनिज तेलात कार्बन-१४ उरलेलाच नसल्याने ते म्हातारे ठरते.

प्रश्नकर्ती: वाळवीसाठी आजोबा दरवर्षी तिला जळके इंजिन ऑइल फासत असत! आता आतला भाग कोरून निघतो का, ते सुताराला विचारते.