टायटॅनियम की विरघळणारा स्क्रू?

एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका लिगामेंटच्या) शस्त्रक्रियेत नवं लिगामेंट हाडात पक्कं धरणारा स्क्रू विरघळणारा असला तर तो टायटॅनियमपेक्षा चांगला का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या धाकट्या भावाचं लिगामेंट डिचोलीत पावसाळी चिखलात फुटबॉल खेळताना तुटलं. त्याला टायटॅनियमचा स्क्रू आहे. एक्स-रेत तो पांढराशुभ्र दिसतो, आट्यांसकट. एमआरआय करता येतो, फक्त स्क्रूभोवतीचं चित्र बिघडतं. पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर मात्र तो काढावा लागू शकतो.

विरघळणारा म्हणजे बहुधा पीएलएलए या शरीरात जिरणाऱ्या प्लास्टिकचा. नाव ऐकून चार-सहा महिन्यांत जिरेल असं वाटतं, पण त्याला कित्येक वर्षं लागतात. बसवताना तो मोडू शकतो, क्वचित सूज किंवा पाण्याची गाठ होते, नव्या लिगामेंटसाठी हाडात पाडलेला बोगदाही रुंदावू शकतो. तिसरा पर्याय पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकचा: तो विरघळत नाही, पण एमआरआय स्वच्छ येतो.

गुडघ्याच्या स्थिरतेत टायटॅनियम आणि विरघळणाऱ्यात मोठा फरक आढळलेला नाही. त्यामुळे नुसत्या स्क्रूसाठी कर्ज काढू नका, ते पैसे फिजिओथेरपीला ठेवा. कळकळीने सांगतोय, कारण भावाने तिसऱ्याच महिन्यात व्यायाम सोडले. आजही टेप लावली की ती मांडी दुसरीपेक्षा दोन सेंटीमीटर बारीक भरते.